मैलापाण्याच्या गॅसवर वीज: अर्ध्यावर आलेल्या कामाचा वाढीव खर्च मंजूर करावा का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहतो, आयुष्य नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ओव्हरसियर म्हणून गेलं, आता रिटायर आहे. धागा काढायचं कारण माझा भाचा. तो दुसऱ्या एका गावच्या नगरपालिकेत इंजिनिअर आहे, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, पोराची नोकरी नवीन आहे. तिथं जुन्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर गॅसपासून वीज करायचा प्रकल्प चालू आहे. म्हणजे मैल्याचा गाळ बंद टाकीत, ज्याला डायजेस्टर म्हणतात, तिथं कुजवायचा, गॅस निघतो तो साफ करून इंजिनाला द्यायचा आणि ती वीज केंद्रातल्याच ब्लोअरला, म्हणजे मैलापाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राला, आणि पंपाला वापरायची. गोबरगॅस ज्यानं बघितलाय त्याला जास्त सांगायला नको, फक्त पसारा मोठा.

काम निम्मं झालं आणि ठेकेदारानं वाढीव खर्चाचं पत्र दिलं. चार बाबी आहेत. पाया खोदताना पाणी लागलं, जुन्या टाकीत अंदाजापेक्षा जास्त रेती निघाली, टाकीचं छत खराब निघालं, आणि गॅस साफ करायचा स्क्रबर टेंडरात नव्हताच. आता टिपणी भाच्यानं ठेवायची. त्याचा रात्री फोन आला, म्हणाला मामा, सही केली तर उद्या ऑडिटवाले मला धरतील आणि नाही केली तर काम बंद पडून गाव मला धरंल, तुम्ही एकदा येऊन बघा.

गेलो. टाकीत शिडी लावली होती, आधी दोन दिवस पंखे लावून हवा खेळवली होती, मीटरनं गॅस तपासला आणि मग आत उतरलो. खालच्या भिंती ठणठणीत, हातोडी मारली की खणखण आवाज. पण छताच्या खालच्या बाजूला बोट घासलं तर काँक्रीट ओल्या पिठासारखं हातात आलं. सळया उघड्या पडलेल्या, बारा एमएमची सळई काही जागी पेन्सिलीएवढी राहिलेली. टाकी बरीच वर्षं बंद, छताला भेगा, भेगांतनं हवा आत, आणि जिथं ओल आणि हवा दोन्ही असते तिथं मैल्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू गंधकाचं आम्ल तयार करतात. ते आम्ल वरनं काँक्रीट खातं. गाळाखाली जे बुडालेलं होतं ते वाचलं, वरचं गेलं. हे बाहेरनं कुणालाच दिसलं नसतं, कारण टेंडर काढताना टाकी गाळानं भरलेली होती.

माझं मत सरळ आहे. चारही बाबी एका आकड्यात बांधून "वाढीव खर्चास मंजुरी" असा एकच ठराव करू नये. एकेक बाब सुटी करून ती का आली, कुणाच्या चुकीनं आली हे लिहून मगच मंजुरी द्यावी. आणि मंजुरी काम व्हायच्या आधी द्यावी. कार्योत्तर मंजुरी हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा रोग आहे, काम होऊन जातं, खड्डा बुजतो, आणि मग फायलीवर जे लिहिलंय तेच खरं मानावं लागतं. तुम्हाला काय वाटतं, अनुभव असला तर लिहा.

हरिपूरची लेक:

काका, तुमच्या भाच्याचं वाईट वाटतं पण मला आधी एक सांगा, हे टेंडर किती टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली, गेलं होतं? कारण आम्ही सामान्य माणसं एवढंच बघतो की वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घ्यायचं आणि मग एक्स्ट्रा आयटमच्या नावाखाली भरून काढायचं. ज्यानं प्रामाणिकपणे पूर्ण दर भरला तो टेंडर उघडल्या दिवशीच बाहेर, आणि जो खाली गेला तो शेवटी त्याच्यापेक्षा जास्त घेऊन जातो. मी हरिपूरला संगमाजवळ वाढले. लहानपणी घाटावर कृष्णेचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायचो. आता सांगलीचं मैलापाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचं नाव काढलं की माझी आई गप्प होते. किती वर्षं आपण योजना ऐकतोय! त्यामुळं कुठल्याही गावात मैलापाण्याच्या कामाला वाढीव पैसे म्हटलं की पोटात गोळा येतो. माझा विरोध विजेला नाही, विरोध याला आहे की पैसे वाढतात आणि नदीत जायचं ते जातंच.

ठेकेदार_तासगाव:

ताई तुमचा राग खोटा नाही, असले ठेकेदार आहेत, मी नाही म्हणत नाही. पण दुसरी बाजूपण ऐका. मी लहान कामं करतो, टाक्या, पाइपलाइन, चेंबर. टेंडर भरायला हातात किती दिवस असतात आणि माहिती काय असते बघा. माती तपासणीचा रिपोर्ट मागितला तर एवढ्या मोठ्या जागेला दोन बोअर घेतलेले, तेपण उन्हाळ्यात. नदीकाठच्या काळ्या मातीत मे महिन्यात कोरडं दिसतं आणि ऑगस्टमध्ये तीन मीटरवर पाणी उसळतं. मग चोवीस तास डिझेल पंप चालवा, बाजू ढासळतात म्हणून पत्रे ठोका, आणि बिलात ते धरायचं कुठं, तर आयटमच नाही. माझ्या एका कामात असंच पाणी लागलं, साहेब तोंडी म्हणाले करून टाक, नंतर बघू. केलं. ते साहेब बदलून गेले, नवीन साहेब म्हणाले लेखी आदेश दाखवा. दीड वर्ष झालं, पैसे अडकलेत, बायकोचं सोनं ठेवून मजुरांचे भागवले. तेव्हापासून लेखी असल्याशिवाय एक घमेलं उचलत नाही. कृष्णाकाठ काका जे म्हणतात ना आधी मंजुरी, ते ठेकेदाराच्यापण भल्याचं आहे.

जुना लेखापाल:

थोडं नियमाचं सांगतो कारण गोंधळ इथंच होतो. वाढीव खर्च हा एक शब्द असला तरी आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे टेंडरात असलेल्याच आयटमचं प्रमाण वाढणं. आपल्याकडच्या बी-वन टेंडरात, म्हणजे सरकारी कामाच्या ठरावीक नमुन्यात, क्लॉज ३८ असतो, २५ टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढलं तर ठेकेदारानं टेंडरच्याच दरानं करायचं, त्याच्या पुढं गेलं तर दराचा प्रश्न वेगळा. दुसरं म्हणजे टेंडरात नव्हताच असा नवीन आयटम, त्याला क्लॉज १४ प्रमाणं दर ठरवावा लागतो, डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, असला तर तिथनं, नसला तर दर पृथक्करण करून, म्हणजे माल-मजुरीचा सुटा हिशोब मांडून. तिसरं म्हणजे भाववाढ आणि कर. उदाहरण सांगतो, १८ जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम ठेक्यांवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला, तेव्हा चालू कामांचे आकडे वाढले ते कुणी खाल्ले म्हणून नाही. लोक हे तिन्ही एकत्र करून बोलतात आणि टिपणी ठेवणारेही एकत्र करूनच ठेवतात, मग संशय येणारच.

भाच्याला सांगा की बेरीज मूळ प्रशासकीय मान्यतेच्या बाहेर जात असेल तर आधी सुधारित अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, मग सुधारित प्रशासकीय मान्यता, हाच रस्ता आहे. आकस्मिक खर्चाच्या दोन-चार टक्क्यांत हे बसवायला जाऊ नये, ते असल्या कामासाठी नसतं. आणि एम.बी.मध्ये, म्हणजे मोजमाप वहीत, मोजमाप त्याच दिवशी चढलं पाहिजे, महिन्याभरानं आठवून नाही.

पॅनलबोर्ड:

मी इलेक्ट्रिकलचा माणूस, सांगलीतच वर्कशॉप आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, ते केंद्र नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी आहे का, आणि जेनसेटचा, म्हणजे वीज तयार करणाऱ्या इंजिन-जनरेटरचा, चौथरा किती उंच धरलाय? कारण मैलाशुद्धीकरण केंद्र कायम सखल भागातच असतं, मैलापाणी उतारानं तिकडंच जातं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फूट ही धोका पातळी, म्हणजे त्याच्यावर बारा फूट. पूर ओसरल्यावर तीन महिने मी दुसरं कामच केलं नाही, नुसते पॅनल उघडून धुवायचे. दार उघडलं की आत गाळाचा थर, कॉन्टॅक्टर चिखलानं भरलेले, बसबारवर हिरवट चढलेलं, आणि वास तर अजून नाकात आहे. मोटार सोडवून हीटर लावून वाळवता येते, इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र गेलं ते गेलं. २००५ ला ५३ फुटांच्या वर आलेलं होतं आणि कितीतरी लोकांनी त्याच्यावर एक हात धरून चौथरे बांधलेले, २०१९ नं ते सगळे बुडवले, आणि २०२१ ला परत पाणी आलंच.

म्हणून चौथरा उंच करायचा खर्च वाढीव म्हणून आला तर तो अजिबात कापू नका. पण तो "अनपेक्षित" म्हणून लिहूही नका. पुराची खूण भिंतीवर असते, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर दाखवतो. डिझाईन करणाऱ्यानं ती बघायला पाहिजे होती, त्याच्या फीमधनं काय कापायचं ते कापा, चौथरा मात्र बांधा.

कृष्णाकाठ:

@हरिपूरची लेक, ताई, टेंडर खाली गेलेलं होतं, हे खरं आहे, लपवत नाही. म्हणूनच मी म्हणतो बाबी सुट्या करा. रेतीचंच घ्या. टाकीत रेती किती हे टेंडरच्या आधी लांब पाइप खुपसून, दोरीला वजन बांधून बघता येतं, आमच्या वेळी आम्ही बांबूनं बघायचो. वरनं पातळ गाळ असतो, बांबू जातो, आणि खाली रेतीला लागला की खर्र आवाज येऊन थांबतो. ते कुणी केलं नाही. टाकीचा तिसरा हिस्सा रेती, केस, चिंध्या आणि गुटख्याच्या पुड्या. ही रेती काढायचा आयटम टेंडरात होता, प्रमाण कमी धरलेलं. लेखापाल साहेबांनी सांगितलं तसं २५ टक्क्यांपर्यंत टेंडरच्या दरानंच झालं पाहिजे, तिथं ठेकेदाराला वेगळा दर मागता येणार नाही. मी भाच्याला हेच सांगितलं.

@पॅनलबोर्ड, ओढ्याकाठीच आहे. तुमचं वाचून त्याला लगेच फोन केला. चौथऱ्याची उंची नकाशावर आहे पण पूररेषेशी ताडून बघितलेली नाही म्हणतो. उद्या ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून बघणार आहे.

ऊसवाला:

आमच्या भागात कोजन काय नवीन नाही, साखर कारखान्यात बगॅसवर वीज सगळ्यांनीच बघितलीय. पण गॅसचं वेगळं असतंय. मी डिस्टिलरीत स्पेंटवॉशच्या, म्हणजे दारू गाळून उरलेल्या सांडपाण्याच्या, गॅसवर काम केलंय. तिथं स्क्रबर बंद पडला आणि इंजिन तसंच चालवलं की ऑइलचा रंग आठवड्यात बदलतो, बेअरिंग खाल्लं जातं. मैल्याच्या गॅसात सल्फाइड स्पेंटवॉशएवढं नसतं, तरी इंजिन मारायला पुरतं. साधारण ६०-६५ टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि हे थोडं विष. त्यामुळं स्क्रबर टेंडरात नाही म्हणजे ज्यानं टेंडर बनवलं त्यानं गॅस इंजिनचं मॅन्युअलच उघडलं नाही. कंपनी गॅसची क्वालिटी लिहून देते, त्याच्यापेक्षा घाण गॅस दिला तर वॉरंटी गेली.

आता हिशोब. १ घनमीटर गॅसला धरून साधारण २ युनिट. समजा दिवसाला १,००० घनमीटर निघतो, २,००० युनिट झाले, ८ रुपये युनिट धरला तर १६,००० रुपये रोज, वर्षातनं ३०० दिवस चाललं तर ४८ लाख. त्यातनं ऑइल, फिल्टर, माणसं, ओव्हरहॉल यासाठी तिसरा हिस्सा बाजूला काढा, ३२ लाख हातात. वाढीव खर्च ६० लाख असला तरी दोन वर्षांत निघतो. पण हे कधी, तर गॅस खरंच तेवढा निघाला तर. भाच्याला म्हणावं आधी गाळाचा रिपोर्ट बघ.

मिरजेचा इंजिनिअर:

ऊसवाला दादांच्या शेवटच्या वाक्यावर दहा वेळा बोट ठेवतो. मी एसटीपीच्या, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या, कन्सल्टन्सीत आहे. सगळ्या केंद्रांतनं सारखा गॅस निघत नाही. ज्या केंद्रात आधी प्रायमरी टाकीत गाळ बसतो तो ताजा गाळ असतो, त्यात दम असतो. हल्ली बरीच नवीन केंद्रं एसबीआरची, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीनं हवा देऊन गाळ बसवायच्या पद्धतीची, होतात, तिथं प्रायमरी टाकीच नसते आणि गाळाला इतकी हवा दिलेली असते की त्यातलं जळायचं ते तिथंच जळून गेलेलं असतं. तसल्या गाळावर डायजेस्टर बांधला तर गॅस नावापुरता. तुमचं केंद्र जुनं आहे, डायजेस्टर मूळचेच आहेत म्हणजे प्रायमरी असणार, तर आशा आहे. टाकी ३५ अंशांच्या आसपास गरम ठेवायची, गाळ वीसेक दिवस तरी आत राहिला पाहिजे. रेतीनं तिसरा हिस्सा भरला म्हणजे मुदत तेवढी कमी, म्हणून रेती काढायच्या खर्चाला फालतू समजू नका.

हे आपल्याकडं होत नाही असंही नाही. सुरत महापालिकेनं अंजना केंद्रावर २००३ ला अर्ध्या मेगावॉटचं वीजकेंद्र मैलागॅसवर सुरू केलं. चेन्नईत कोयंबेडू, नेसापक्कम या केंद्रांवर गॅस इंजिनं आहेत. अमेरिकेत ओकलंडचं केंद्र २०१२ पासून स्वतःला लागते त्यापेक्षा जास्त वीज करतं, कारण ते हॉटेलचं आणि कारखान्यांचं खरकटं पण डायजेस्टरमध्ये घेतात.

आणखी एक, काका. वीज तयार करायच्या आधी वीज वाचते का बघा. केंद्राच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपास भाग ब्लोअरचा असतो. पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते मोजून ब्लोअरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी बसवला तर गॅसशिवायच बिल उतरतं.

सांजसकाळ:

मी लई शिकलेला न्हाई, मैलाकेंद्रावर ऑपरेटर हाय, कुठल्या ते नका इचारू. सगळे पैशाचं बोलायलात म्हणून लिव्हतोय. काका टाकीत उतरताना पंखं लावलं, मीटर लावला म्हणाले, बरं वाटलं वाचून. आमच्याकडं एकदा एकानं नुसतं वाकून बघितलं आन् चक्कर येऊन शिडीवरच लोंबकळला, बेल्ट व्हता म्हणून वाचला. त्या गॅसचा वास आधी येतो आन् मग यायचा बंद व्हतो, माणसाला वाटतं गॅस गेला. गेलेला नसतोय, नाक मेलेलं असतंय. वाढीव खर्चात पैलं काय कापत्यात तर सेफ्टी. मीटर, बेल्ट, ब्लोअर, श्वासाचं यंत्र. एवढंच सांगतो, ती लाइन फायलीतनं कुणी खोडू नका. २०१३ चा कायदा हाय, गटारात न् टाकीत विना साधन माणूस उतरवायचा न्हाई म्हणून, तरीबी उतरवत्यात.

हरिपूरची लेक:

@सांजसकाळ, दादा तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. हे पैसे कुणी एक्स्ट्रा म्हणूच नयेत.

@कृष्णाकाठ, काका मी जरा मत बदलते. पण एक पाहिजेच. ही सगळी सुटी सुटी बाब, फोटोसकट, नगरपालिकेच्या फलकावर आणि वेबसाइटवर मंजुरीच्या आधी लावा. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून तीस दिवस वाट बघायला लावू नका, त्याच कायद्याचं कलम ४ सांगतंय की स्वतःहून जाहीर करा. लोकांना छताचा तो फोटो दाखवला असता तर मी पहिल्याच प्रतिसादात एवढी चिडले नसते.

ठेकेदार_तासगाव:

खडकाचं कुणी बोललं नाही अजून. खोदाईत सगळ्यात जास्त खेळ तिथं होतो, मुरूम असतो आणि बिल खडकाचं. दरात जमीन-अस्मानाचा फरक. खड्डा उघडा असतानाच प्रत्येक थराची पट्टी लावून फोटो, मागं ओळखीची खूण दिसली पाहिजे, आणि दोघांच्या सह्या. मी स्वतः ठेकेदार असून सांगतोय.

जुना लेखापाल:

तासगावकरांचं शंभर टक्के बरोबर. ऑडिटला आम्ही प्रामाणिक माणसाला कधी त्रास दिला नाही, पण प्रामाणिकपणा कागदावर दिसायला लागतो. भाच्यानं घाबरून फाइल टेबलात ठेवू नये, तेच सगळ्यात महाग पडतं. काम थांबलं की ठेकेदार आयडल चार्जेस, म्हणजे यंत्रं-माणसं बसून राहिल्याचे पैसे, मागतो, आलेलं इंजिन ताडपत्रीखाली गंजतं, वॉरंटीचे महिने तसेच संपतात.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवसांनी लिहितोय कारण परत तिकडं जाऊन आलो.

छताचे कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढून तपासणीला कॉलेजात पाठवलेत. रिपोर्टवर ठरेल की पूर्ण स्लॅब पाडायचा की सळया साफ करून, जाळी मारून गनायटिंग, म्हणजे दाबानं सिमेंट-रेतीचा फवारा, करायचं आणि आतनं इपॉक्सी लावायचं. ठेकेदारानं पूर्ण स्लॅबचा दर दिला होता, तो रिपोर्ट येईपर्यंत बाजूला ठेवलाय. पाणी उपसायचं मंजुरीला टाकलं, पण पंपाचे तास लॉगबुकात चढतील आणि रोज नगरपालिकेच्या माणसाची सही असेल तेवढेच. मागच्या दोन महिन्यांचं लॉगबुक नाही, तेवढे पैसे धरलेले नाहीत, ठेकेदार नाराज आहे. माझाही जीव थोडा तुटला, कारण पंप खरंच चालले होते, शेजारच्या शेतकऱ्यानंही सांगितलं. पण कागद नाही. रेती टेंडर दरानं. स्क्रबर घ्यायचाच, त्याचे तीन कोटेशन मागवले आणि ज्यानं डिझाईन केलं त्याला फी का कापू नये म्हणून नोटीस काढायचा मसुदा केलाय. सेफ्टीचं साहित्य वेगळ्या शीर्षाखाली, त्याला हात लावलेला नाही, सांजसकाळ भाऊ.

चौथरा लेव्हल लावून बघितला. पुराच्या खुणेपेक्षा चाळीस सेंटीमीटर खाली निघाला. खूण पंपहाऊसच्या भिंतीवर कुणीतरी ऑइल पेंटनं मारलेली, २०१९ लिहून, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. भाचा तिथं पट्टी धरून उभा होता, म्हणाला मामा मी रोज इथनं जातो की. अजून सळई बांधलेली नाही म्हणून निभावलं. नवीन नकाशा सोमवारी येतोय, @पॅनलबोर्ड, केबल खालनं आणायची का वरनं ट्रेमधनं, हे तेवढं सांगा, कारण चौथरा उंच केला आणि केबलची नाली खालीच राहिली तर पाणी त्यातनंच वर चढंल.

पॅनलबोर्ड:

वरनं ट्रेमधनं आणा. नाली ठेवूच नका. आणि पॅनलला केबल खालनं घुसणार असेल तर ग्लँड प्लेटखाली, म्हणजे केबल आत शिरते त्या पत्र्याखाली, फायरसीलनं भोकं बंद करून घ्या. सोमवारी नकाशा आला की इथं टाका, मंगळवारी दुकान बंद असतं, मी बसून बघतो.